सुखदेवची शोकसभा

चहा जरा निवू द्या. गरम घोट तोंडात असताना हा किस्सा ऐकला की ठसका लागतो, आणि ठसक्यानं कोणाचं काही बरंवाईट झालं, तर भाषण पुन्हा मलाच करावं लागेल. भाषणाचं नाव मी सध्या काढत नाही. का काढत नाही, तेच सांगायला बसलो आहे. मी नाही सांगितलं तर आमच्या घरून सांगितलं जाईलच. आणि ती सांगते तेव्हा मी आहे त्याहून जास्त बावळट दिसतो. निदान मूळ मापातला बावळट तुमच्यापुढे यावा, एवढीच इच्छा.

आधी माझी ओळख. जन्मभर कचेरीत कारकुनी केली आणि निवृत्त झालो. भंडाऱ्यात मला सगळे 'बाबूजी' म्हणतात. कारकुनीसाठी मला कोणी ओळखत नाही, कारण तिच्यात ओळखण्यासारखं काही नव्हतं. मला ओळखतात ते घाटावरच्या भाषणांसाठी.

आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. माणूस गेला की वैनगंगेच्या घाटावर अग्नी दिल्यावर लोक लगेच घरी जात नाहीत. शेडमध्ये बसतात. शोकसभा होते. कोणीतरी उठून गेलेल्याविषयी दोन शब्द बोलतो, दोन मिनिटं शांतता, आणि मग ज्याची त्यानं चप्पल शोधायची. तो 'कोणीतरी' म्हणजे मी! वाचनाची सवय, आवाज खर्जातला, आणि गळा दाटून यायला मला फारसा वेळ लागत नाही. 'हसतमुख, मनमिळाऊ आणि सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे' ही माझी ठरलेली सुरुवात. ज्या हेडक्लार्कला नोकरीभर कोणी हसताना पाहिलं नाही, त्यालाही मी हसतमुख करूनच पाठवलं.

या कीर्तीचा तोटा एकच. आजाऱ्याला भेटायला गेलो की घरचे दचकतात. मी आपलं सहज विचारतो, "तुमचं शिक्षण कुठं झालं हो?" तर पलंगावरचा माणूस ताडकन उठून बसतो. "बाबूजी, मी बरा आहे! कालच जेवलो!" आता शिक्षण विचारणं हा काय गुन्हा आहे?

असो. तर कुसुमच्या, म्हणजे आमच्या हिच्या, पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. तेलातुपाचा घास पोटात गेला की बरगडीखाली कळ उठायची, आणि ती पोटाशी उशी धरून बसायची. तर्रीदार रश्श्यातल्या बेसनाच्या पाटोड्या हा तिचा जीव की प्राण. त्या बंद झाल्या. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढा. दुर्बिणीनं काढतात, चार भोकं पडतात, दोन दिवसांत घरी. मी दोनदा तारीख पुढे ढकलली. एकदा धान घरात यायचं होतं, एकदा मला सर्दी झाली होती. खरं कारण वेगळं होतं, आणि ते कुसुमला पक्कं ठाऊक होतं. मी घाबरलो होतो.

आणि का घाबरू नये? पिशवी काढणार कोण, तर वरठीच्या मेश्रामांची स्नेहल! मेश्राम कारखान्यात कामाला, माझे जुने स्नेही. ही पोरगी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून आमच्या घरी यायची आणि फुटाणे मागायची. ती शिकली, सर्जन झाली, गावाबाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलात लागली. कौतुक आहेच. पण फुटाणे मागणाऱ्या हातात आपली बायको द्यायची म्हणजे काय गंमत आहे?

त्यात तिच्या आईनं एका लग्नात मला सांगून ठेवलं होतं, "काय सांगू जी बाबूजी, पोरगी सुट्टीत घरी येते न् एका खोक्यात लांबलांब चिमटे घालून तांदूळ उचलत बसते. इथचा दाणा तिथं, तिथचा दाणा इथं. तेही दाण्याकडं न पाहता, समोरच्या टीव्हीत पाहून!"

मी मनात म्हटलं, अभ्यासाचा ताण डोक्यात गेला वाटतं.

तरी मी स्नेहलला आडून विचारलंच. "बाळ, अनुभव किती आहे तुला?"

ती हसली. "काकाजी, काळजी नका करू. सरावाची वेगळी खोलीच आहे आमच्याकडे. दाखवीन तुम्हाला."

सरावाची खोली म्हणजे मला वाटलं, टेबल, खुर्ची आणि जाड पुस्तकं. मी मान हलवली. इथं मी थोडी चौकशी केली असती, तर तुम्हाला आज नुसताच चहा मिळाला असता.

शेवटी कुसुम भरती झाली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. दुपारी ती म्हणाली, "अवो, चहा तरी प्या जाऊन, तोंड पाहा कसं झालं. अन् माझ्यासाठी बिनदुधाचा आणा." मी निघालो. चष्मा तिच्याच पिशवीत राहिला.

हॉस्पिटल मोठं, बोळ सगळे सारखे. कँटीन शोधता शोधता मी एका अशा बोळात शिरलो, जिथं चिटपाखरू नव्हतं. शेवटच्या दाराला गोल काच. आतून आवाज येत होते, म्हणून डोकावलो.

आता काय पाहिलं ते ऐका. हिरव्या कपड्यांतली चार-पाच माणसं. टेबलावर एक माणूस, अंगावर कापड, पाय बाहेर. स्नेहल त्याच्या पोटावर वाकलेली. यंत्र टूं टूं करत होतं.

"मॅडम, बीपी पडतंय!"

"रक्त कुठून येतंय, दिसत नाहीये! सक्शन दे! क्लिप!"

"मॅडम, अजून पडतंय!"

हातमोजे लालभडक. आणि मग ते यंत्र एकाच लांब सुरात वाजायला लागलं. तो सूर मी टीव्हीवर पुष्कळदा ऐकला आहे. त्याचा अर्थ मला कोणी सांगायची गरज नव्हती.

एक पिकल्या केसांचे डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "गेला. ठीक आहे. जेवून घेऊ, मग काय चुकलं ते बोलू."

आणि स्नेहल म्हणते कशी, "चला सर. आईनं डब्यात पाटोड्या दिल्या आहेत."

पाटोड्या! माणूस समोर मरून पडला आणि हिला पाटोड्या सुचतात!

मी खांबाआड झालो. सगळे हसत-बोलत निघून गेले. आत फक्त झाडूवाल्या बाई राहिल्या. त्यांनी चादर ओढून त्याचं तोंड झाकलं. मी दारातून हळूच विचारलं, "बाई, याचं कोणी आलं नाही?"

"याले कोण येणार जी?" त्या म्हणाल्या. ही खोली पाहायला येणारे पाहुणे त्यांना रोजचेच असावेत.

"गाव कोणतं?"

"दूरचा हाय. बाहेरूनच आणला म्हणतेत."

"नाव?"

"सारे सुखदेव म्हणतेत याले."

"झालं काय नेमकं?"

"काय होते? रक्त सुटलं, मॅडमच्यानं बंदच झालं नाई. गेला बिचारा. जेवण झालं का पुन्हा सुरू करतीन." बाईंनी झाडू उचलला आणि त्या पुढच्या खोलीत गेल्या.

पुन्हा सुरू करतील! म्हणजे दुपारी दुसरा कोणीतरी, आणि उद्या सकाळी आमची कुसुम!

माझं डोकं मात्र चालू होतं. मी थेट वॉर्डात आलो.

"चहा कुठं हाय?" कुसुमनं विचारलं.

"कुसुम, ऊठ. चप्पल घाल. आपण निघतोय."

"काहून?"

"विचारू नको."

"मी विचारीन."

मी खाली वाकून कानात सांगितलं, "स्नेहलच्या हातून माणूस गेला."

"अगं माय! कोण माणूस?"

"सुखदेव."

"कोण सुखदेव?"

"मला काय माहीत!"

"माहीत नाई, मंग तुमच्या डोळ्याले पाणी काहून येऊन राहिलं?" ती उशीला टेकून नीट बसली. "हे पाहा जी. दोन खेपा तुम्ही तारीख फिरवली. कळ मारते ते मले मारते, तुम्हाले नाई. मी इथून पिशवी काढल्याबिगर हालत नाई. तुम्ही जा अन् त्या सुखदेवापाशी बसा."

बायकोचं मी सहसा ऐकत नाही. नेमकं त्या दिवशी ऐकलं.

बोळात उभा राहून मी विचार केला. तक्रार करावी? तक्रार वर जाणार, मग खाली येणार, मग पुन्हा वर जाणार. तो प्रवास मी जन्मभर पाहिला आहे. तोवर उद्याची सकाळ उजाडेल. पण चार माणसांदेखत या बेवारस माणसाची शोकसभा झाली तर? मग दडवणार कसं? गावभर होईल, चौकशी लागेल, उद्याचं ऑपरेशन आपोआप थांबेल. शिवाय एक माणूस दोन शब्दांवाचून जाणार, हे मला तरी सहन होण्यासारखं नव्हतं. आपल्या गावात आजवर कोणी तसा गेलेला नाही. मी जाऊच दिला नाही.

मी बाळाभाऊला फोन लावला. बाळाभाऊ नदीपलीकडच्या कारध्याचा. त्याचा मालवाहू ऑटो आहे, आणि कोणाकडे मयत झाली की बांबूपासून मडक्यापर्यंत सगळं सामान तोच आणतो. घाटावर तो सामानाचा आणि मी शब्दांचा.

"बाळा, लगेच हॉस्पिटलला ये. माणूस गेलं आहे. चार जण आण. हार आण."

"बाबूजी..." त्याचा आवाज बसला. "कोण..."

मी फोन ठेवला. फोनवर गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, हा माझा जुना नियम. ऐकणारा मोटरसायकलवर असला तर पडतो. बाळाभाऊला हा नियम तोंडपाठ आहे.

आता तुम्हीच सांगा. बाबूजींची बायको हॉस्पिटलात भरती. बाबूजींचा हॉस्पिटलातून फोन. बाबूजी म्हणतात, माणूस गेलं, हार आण. ऐकणारा काय समजेल? मला हे तेव्हा सुचलं नाही. जन्मभर लोकांच्या मरणाची व्यवस्था पाहिली, पण या एका मरणाचा विचार माझ्या डोक्याला कधी शिवूच दिला नव्हता. बाळाभाऊनं मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲपवर टाकलं: 'बाबूजींनी बोलावलं आहे. सामान घेऊन निघालो.' पुढचं मोहल्ल्यानं समजून घेतलं.

अर्ध्या तासात ते आले. चार कसले, डझनभर होते! समोरचे गुप्ताजी, पानठेलेवाला, माझ्या कचेरीतले दोघं, भजन मंडळाच्या बाया. सगळ्यांचे डोळे लाल. बाळाभाऊनं मला कडकडून मिठी मारली. "हिंमत धरा, बाबूजी."

मला भरून आलं हो! एका अनोळखी माणसासाठी एवढं दुःख! कोण म्हणतं माणुसकी संपली?

"चला," मी म्हणालो. "शेवटच्या खोलीत आहे."

आम्ही आत शिरलो. चादरीखाली तो तसाच. भजन मंडळातल्या एका बाईंनी हुंदका दिला. बाळाभाऊनं चादरीवर हार ठेवला आणि हात जोडले. मी डोक्याशी उभा राहिलो, घसा खाकरला आणि सुरू झालो.

"हसतमुख, मनमिळाऊ आणि सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे... असे हे असावेत. मला खात्रीनं सांगता येत नाही. कारण यांची न् माझी ओळख आज दुपारचीच."

गुप्ताजींनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"यांचं गाव मला ठाऊक नाही. खरं नाव ठाऊक नाही. यांना जवळचं असं कोणीच नव्हतं."

"बाबूजी!" बाळाभाऊ रडायला लागला. "असं नका बोलू जी! आम्ही सारे हाओत ना!"

"आहोत, बाळा, आज आहोत," मी म्हणालो. "पण जिवंतपणी यांना कोणी विचारलं? कोणी यांना घोटभर चहा तरी दिला?"

"मी रोज देत होती जी," भजन मंडळातल्या बाई पुटपुटल्या. "एकादशीले तर साबुदाणाही..."

"दुःखानं डोकं फिरलं बाबूजींचं," कचेरीतला एक जण दुसऱ्याच्या कानात म्हणाला. तो कुजबुजतो तेव्हा बोळाच्या टोकापर्यंत ऐकू जातं.

मी तिकडे लक्ष दिलं नाही. तेवढ्यात जेवण उरकून डॉक्टर मंडळी दारात आली. पिकल्या केसांचे सर, स्नेहल, मागे बाकीचे. त्यांनी पाहिलं की खोलीत शोकसभा चालू आहे. आता आपल्याकडे शोकसभेत कोणी बोलत असलं तर त्याला अडवत नाहीत. मग तो काहीही बोलो. याच एका नियमावर माझी आजवरची कारकीर्द उभी आहे. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या, काही कळेना, पण मान खाली घातली. त्यांनी घातली म्हणून सगळ्यांनी घातली. आपलं यश पाहून मला आणखी चेव आला.

"ज्यांच्या हातून हे घडलं," मी स्नेहलकडे रोखून पाहत म्हणालो, "त्यांना पाटोड्या कशा गोड लागल्या, हे त्यांचं त्यांनाच माहीत! आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू."

माझे डोळे मिटलेले.

आणि टूं... टूं... टूं...

मी एक डोळा उघडला. चादर वरखाली होत होती.

मी दुसरा डोळा उघडला. चादर खरंच वरखाली होत होती! हार छातीवर हलत होता. आणि चादरीखालून एक जाडाभरडा पुरुषी आवाज आला, "डॉक्टर, माझ्या पोटात फार दुखतंय हो..."

बाळाभाऊच्या काखेतलं मडकं खाली पडून फुटलं. "वहिनीचा आवाज असा कसा झाला?" तो किंचाळला.

वहिनी? कोण वहिनी?

तेवढ्यात डॉक्टरांच्या घोळक्यातून वाट काढत, हातात फोन धरून, हॉस्पिटलच्या ढगळ कपड्यांत खुद्द कुसुम दारात उभी राहिली. "कोण मेलं जी? तुमसरवरून आमची सुमन फोनवर रडून राहिली का ताई गेली म्हणून. मी म्हणतो, अवो मीच बोलून राहिली, तर ते आणखीच रडते!"

लोकांनी एकदा चादरीकडे पाहिलं, एकदा कुसुमकडे पाहिलं. मेलेली दारात उभी, आणि चादरीखाली तिसरंच कोणीतरी पुरुषाच्या आवाजात बोलतंय! मोहल्ला जो सुटला! भजन मंडळ सगळ्यांच्या पुढं. पानठेलेवाला तर म्हणे पुलापर्यंत थांबलाच नाही.

मीही पळालो असतो. पण त्यासाठी पाय लागतात, आणि माझे तोवर गेले होते. फरशी वर येताना दिसली, एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा मी जमिनीवर आडवा. एकानं माझे पाय वर धरलेले, एकीनं दंडाला पट्टा बांधलेला, एक जण बोटाला सुई टोचून साखर पाहत होता. स्नेहल माझी नाडी धरून बसली होती. कोणी ओरडत नव्हतं, कोणी कोणावर आदळत नव्हतं. ती एक सांगायची, समोरचा ते पुन्हा म्हणून दाखवायचा आणि करायचा. आमच्या कचेरीत साहेबांचा चहा सांडला तर चार जण चार दिशांना धावायचे आणि फडकं कोणीच आणायचं नाही. इथं एक अख्खा म्हातारा सांडला होता, आणि सगळं कसं शिस्तीत चालू होतं.

"काकाजी, डोळे उघडा. नाव सांगा तुमचं."

"सुखदेव," मी म्हणालो.

"डोक्याले लागलं काय यांच्या?" कुसुम म्हणाली.

"नाही काकू, काकाजी ठीक आहेत. घाबरले आहेत." स्नेहलनं मला उठवून खुर्चीत बसवलं, आणि मग तिनं टेबलावरची चादर काढली.

रबराचा माणूस! पापण्या मिटतो, उघडतो, छाती हलते, नाडी लागते, आणि शेजारच्या खोलीत काचेपलीकडे बसलेल्या माणसानं बटण दाबलं की बोलतो. तो माणूस घड्याळ पाहून आपलं दुपारचं काम सुरू करत होता. आमची शोकसभा त्याला मोठ्या डॉक्टरांची राउंड वाटली. पोटाच्या जागी एक झाकण, आत नळ्या आणि लाल पाणी.

मी काय पाहिलं, काय समजलो, ते सगळं सांगून टाकलं. पिकल्या केसांचे सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, त्यांनाही वाईट वाटलं.

"मघाशी ती रक्तवाहिनी मीच फोडली होती," तोंड पुसत ते म्हणाले. "यंत्रातून. हिला न सांगता. अशी वेळ कधीतरी खऱ्या पेशंटवर येते. तेव्हा पहिल्यांदा येऊ नये, म्हणून इथं आणतो."

"आणि ती हरली," मी स्नेहलकडे पाहून म्हणालो.

"हरले," तिनं सरळ कबूल केलं. "मी घाबरून डोळ्यांसमोरच्या रक्ताच्या मागं लागले, आणि मदत मागायला उशीर केला. जेवताना त्याच्यावरच बोललो आम्ही. आता पुन्हा करायचं होतं, पण तुमचं भाषण चालू होतं."

कुसुम खुर्ची ओढून बसली. "मंग कर आता. आम्ही पाहतो."

तिनं केलं. हारासकट सुखदेव पुन्हा झोपला. पुन्हा रक्त सुटलं, पुन्हा बीपी पडलं. पण या वेळी स्नेहलनं आधी एका जागी दाबून धरलं, "सर, मला मदत हवी आहे," असं मोठ्यानं सांगितलं आणि मग शांतपणे एकेक गोष्ट मागत गेली. लांब चिमटे, नजर टीव्हीकडे. ते चिमटे पाहिल्यावर मला वरठीच्या खोक्यातले तांदळाचे दाणे आठवले, आणि त्या पोरीविषयी लग्नाच्या मांडवात मी काय विचार केला होता तेही. यंत्राचा सूर तुटला नाही. सुखदेव वाचला. मी टाळ्या वाजवणार होतो, पण कुसुमनं हात धरला.

तिनं स्नेहलला विचारलं, "उद्या माझ्या पोटात असंच रक्त सुटलं तर?"

"सहसा सुटत नाही, काकू. सुटणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण सुटलं तर आज दुपारी ते दोनदा पाहिलं आहे मी."

कुसुम माझ्याकडे वळली. "ऐकलं? आता तारीख फिरवाची हाय का?"

मी मान हलवली. नाही.

सकाळी तिला आत नेलं. मी बाकावर बसलो. बाळाभाऊ आला होता, पण जरा अंतर ठेवून बसला. आणि खोटं कशाला सांगू, जुन्या सवयीनं मनात शब्द जुळायला लागले. हसतमुख? कुसुम माझ्याकडे पाहून शेवटची कधी हसली, तर मी फरशीवर पडलो तेव्हा. मनमिळाऊ? तेही इतरांशी. सर्वांच्या सुखदुःखात... आणि तिथं मी अडकलो. अख्ख्या गावासाठी शब्द सापडले होते, हिच्यासाठी पुढचा एक शब्द सापडेना. घशात काहीतरी आलं, आणि या खेपेला ते मी आणलेलं नव्हतं.

दार उघडलं. स्नेहल टोपी काढत बाहेर आली. "काकाजी, झालं. काकू शुद्धीवर येत आहेत. खडे पाहायचे?"

मी म्हणालो, "बाळ, घरी फुटाणे आणून ठेवतो."

कुसुम घरी आली. महिन्याभरानं पहिली पाटोडी पोटात गेली, आणि कळ आली नाही. मी घाटावर आता मागच्या रांगेत बसतो. कधी कोणी आग्रह केलाच, तर बाळाभाऊ म्हणतो, "थांबा बाबूजी, आधी पाहून येतो," आणि चितेभोवती एक चक्कर मारून येतो.

मग एक दिवस सरांचा फोन आला. म्हणाले, "आमच्या तरुण डॉक्टरांना आणखी एक सराव द्यायचा आहे. घाबरलेल्या, काही न ऐकणाऱ्या, भलताच समज करून घेतलेल्या नातेवाइकाशी कसं बोलावं, याचा. तुम्ही नातेवाईक व्हाल का?"

माझी कॉलर ताठ झाली. मी म्हणालो, "होईन की! पण सर, संवाद लिहून पाठवा. मला तयारी करावी लागेल."

"छे छे, बाबूजी," ते घाईघाईनं म्हणाले. "तयारी अजिबात नको. तुम्ही फक्त नेहमीसारखे वागा."

आता मी तिथं नियमित जातो. नवीन डॉक्टर मला समजावतात, मी समजत नाही. असा आमचा सराव चालतो. परवा निघताना जरा ऐटीत कुसुमला म्हणालो, "पाहिलंस? त्या खोलीत आता दोघांवर डॉक्टर शिकतात. एक सुखदेव आणि एक मी."

पाटोडीचा रस्सा ढवळता ढवळता ती म्हणाली, "हौ. पण सुखदेवाले बंद कराचं बटन तरी हाय."